फेसाचं घर

माझ्यासोबत काम करणाऱ्या सुमनताईंनी त्या दिवशी बदामाचं वाळकं पान आणून टाकीत ठेवलं, म्हणून रत्नागिरीतल्या या मासे पैदाशीच्या शेडमध्ये मी अजून आहे. आठवीतच शाळा सोडून नांदेडहून आलेला मी. त्या दिवशी मी फायटर माशाच्या टाकीतला फेस घाण समजून गाळणीनं काढून टाकला होता.

“अरे बाबा, नराचं घर मोडलंस! अंडी कुठं ठेवील तो?” ताई ओरडल्या.

ही जोडी फुकट गेली तर मालक मला घरी पाठवणार होते. माझं तोंड बघून ताई निवळल्या. “रडू नको. पानाखाली फेस टिकतो. बांधील परत.”

आणि बांधलं की त्यानं! वर येऊन हवा घ्यायची, एक बुडबुडा सोडायचा, पुन्हा खाली. मादीनं अंडी दिली, तर हा गडी खाली पडणारं एकेक अंडं तोंडात धरून फेसात नेऊन ठेवत राहिला. आज त्या फेसाखाली पिल्लांच्या बारीक शेपट्या लोंबतायत, मोजता येत नाहीत इतक्या! नुसत्या श्वासाचं घर, तेही दुसऱ्यांदा बांधलेलं. मग मी कशाला घाबरू?

ताई, गावाकडं माझी स्वतःची टाकी होईल, तेव्हा तिच्यातली पहिली जोडी मी तुमच्या दारात आणून देईन.