कोणता हात?

आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही. भिवंडीत कामतघरला आमची चाळ, खाली कापडाचे लूम, समोर लूम, आणि त्या खडखडाटातच मी वाढले. इथे माणूस आधी ओरडतो आणि ओरडून भागलं नाही की हात उचलतो. चहा हवा का, नळाला पाणी आलं का, सगळं आम्ही हातांनी विचारतो. माझी आई त्याच खोलीत दहावीचा विज्ञानाचा क्लास घ्यायची. तिचं निम्मं शिकवणं तोंडानं चालायचं आणि निम्मं हातांनी.

क्लासची जाहिरात म्हणजे रिक्षाला भोंगा बांधायचा आणि मे-जूनमध्ये गल्लीबोळ फिरवायचा. मग काल्हेरला ठाण्याच्या एका मोठ्या क्लासची शाखा निघाली. ते धडे भरलेली सीडी फुकट वाटू लागले आणि आमची मुलं गळायला लागली. संध्याकाळी सतरंज्या अंथरताना आई एक सतरंजी तशीच गुंडाळून ठेवायची. ते बघून माझं डोकं फिरायचं.

मी तेव्हा काल्हेरलाच एका गोदामाच्या ऑफिसात होते. इंटरनेटवर लोक नुसता आवाज चढवतात आणि दुसरे तो उतरवून घेतात, हे मला तिथे कळलं होतं. मी आईला म्हटलं, "तुझे धडे आपण मोबाइलवर रेकॉर्ड करू. शेवटी क्लासचा पत्ता सांग. पोरं एकमेकांना देतील."

"फुकट ऐकायला मिळाल्यावर इथे कोण येईल?"

"आवडलं की येतील. आता जाहिरात अशीच असते."

मी हे इतक्या ठासून सांगितलं, जणू मीच तो धंदा काढला होता. आतून माझीही पाचावर धारण बसली होती.

शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून शुक्रवार धरला. खिडकी लावून आई बसली, समोर मोबाइल घेऊन मी. इतक्या शांततेत तिचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला. चांगला होता, गोड होता. विद्युत मोटारीचा धडा तिनं एका दमात सांगितला. मी तो सायबर कॅफेतून एका फुकटच्या साइटवर चढवला आणि नाक्यावरच्या मोबाइलवाल्यालाही दिला. तो मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा. गाण्यांच्या मागोमाग आई जाऊ लागली. पोरं ब्लूटूथनं एकमेकांना देत होती. कामतघर, पूर्णा, काल्हेर, कुठे कुठे पोचली कोण जाणे. क्लासला चार नवी मुलं आली आणि गुंडाळलेली सतरंजी उघडली. मी तर हवेतच होते.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा साइटवर त्या धड्याखाली कुणीतरी लिहिलेलं दिसलं. कुठल्या गावचं पोर होतं देव जाणे. एवढंच होतं: "बाई, कोणता हात?"

मी कानाला लावून पुन्हा ऐकलं. आई सांगत होती, "आता हाताचा नियम. हात असा धरा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्ही एकमेकांना काटकोनात." डावा हात, हे ती म्हणालीच नव्हती. तिनं तो उचलून दाखवला होता. क्लासमध्ये 'डाव्या हाताचा नियम' असं पूर्ण नाव फळ्यावर असतं आणि हात सगळ्यांना दिसतो. मी समोर बसले होते, मलाही दिसला होता. मोटारीला डावा हात आणि जनित्राला उजवा. हात चुकला की उत्तर उलटं. आणि न सांगता पोर कुठला हात उचलणार? उजवाच.

आईला सांगितलं तर तिनं मोबाइल कानाला लावून तो धडा दोनदा ऐकला.

"पुस्तकात आहे की," मी म्हटलं.

"पोरं पुस्तक उघडत असती तर मला कशाला ऐकत बसली असती?"

मी साइटवरचा धडा काढला आणि दुरुस्त केलेला चढवला. मोबाइलवाल्याकडे धावले. तो म्हणाला, "मॅडम, वो तो कितने लोग ले गये. अब किसको किसको बुलाऊँ?" नवा धडा पोरांना देऊ केला तर ती म्हणत, आहे आमच्याकडे. फळ्यावर चुकलं तर डस्टर असतो, इथे काय फिरवायचं? मला जेवण जाईना. रस्त्यात कानात वायर घातलेलं पोर दिसलं की मी वळून वळून बघायचे.

विज्ञानाच्या पेपरला आई जवळच्या परीक्षा केंद्रावर जायला निघाली. मी म्हटलं, "सगळ्या भिवंडीला पुरी पडणार आहेस का?" ती म्हणाली, "एका केंद्राला तरी पडते." मीही गेले.

शाळेसमोर लूम चालू होते. आई डावा हात उंच धरून, तीन बोटं ताणून, पोरांच्या घोळक्यात शिरली. पोरं बाजूला सरकली. तिचा चेहरा कुणाला माहीत होता? मग ती तिच्या नेहमीच्या लूमवरच्या आवाजात ओरडली, "मोटारीला डावा हात." आणि काही माना झटकन वळल्या. आवाज ओळखला होता. एका मुलीनं उजवा हात खाली घेऊन डावा उचलला. आई हसली, त्या महिन्यात पहिल्यांदाच. मला रडू आलं.

घंटा झाली, पोरं आत गेली. वॉचमन फाटक लोटत असतानाच भावाच्या मोटरसायकलवरून एक मुलगी उतरली. कानात वायर, ओठ हलताहेत आणि उजव्या हाताची तीन बोटं ताणलेली.

आई ओरडली. पुन्हा ओरडली. मुलीनं मान वर केली नाही. कानातून वायर ओढून तिनं मोबाइलसकट भावाच्या हातात दिली आणि पळत आत गेली. फाटक लागलं.

"काय झालं काकी?" भाऊ म्हणाला. "तिला सगलं पाठ हाय. महिना झाला, ह्येच ऐकते."

मी त्याच्या हातातली वायर कानाला लावली. धडा चालूच होता. शुक्रवारच्या शांततेत आई गोड आवाजात सांगत होती, हात असा धरा. माझा डावा हात आपोआप वर आला.