भासऱ्यानं निवडलेला टप

आमच्या घरात कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की सगळ्यांना मत असतं, आणि निवडायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. पंखा मी निवडला, विहिरीवरचा पंप मी निवडला, बहिणीचा नवरासुद्धा आधी मीच बघून आलो होतो. त्यामुळे जीपवर ॲल्युमिनियमचा पक्का टप, म्हणजे छतासकट चारी बाजूंनी बंद सांगाडा, बसवायचं ठरलं, तेव्हा तो कसा असावा हे मी ठरवणार यात कोणाला शंका नव्हती. मला तर मुळीच नव्हती.

जीप जुनी आहे, फोर-बाय-फोर, वर ताडपत्रीचं हूड. कोहमाऱ्यापासून आत जंगलाच्या अंगाला आमचं गाव. वाटेत नाला आहे, त्यावर रपटा, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल. पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी वाहतं आणि एरवी रस्त्याची गिट्टी उखडलेली असते. एसटी येते, पण तिच्या मर्जीनं. गावात आमची धानाची शेती, कोहमाऱ्याला माझं बियाण्यांचं आणि खताचं दुकान, आणि या दोहोंच्या मधे धावणारी ही जीप. गोंदियातल्या हौशी पोरांच्या जीपा रविवारी चिखलात खेळायला जातात. आमची रोजच जाते, तिला कोणी हौस विचारत नाही.

टप मात्र मला माझ्यासाठी नको होता. तो हवा होता भावसुनेसाठी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या बायकोसाठी. भाऊ रायपूरला कारखान्यात आहे, महिन्यातून एखाद्या वेळी येतो. ती गेल्या जूनपासून कोहमाऱ्याच्या एका खासगी शाळेत गणित शिकवते. शाळा भरायची आणि माझं दुकान उघडायचं, दोन्हींची वेळ एकच. तेव्हा तिनं माझ्याबरोबर जीपमधून यावं हे ओघानंच आलं.

अडचण एवढीच की मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे भासऱ्यापुढे भावसुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा, तो बसला असेल त्या खाटेवर बसायचं नाही, त्याला शिवायचं नाही आणि होता होईल तो त्याच्याशी थेट बोलायचंही नाही. काही सांगायचंच असेल तर मधे कोणीतरी लागतं. कोणी नसलं तर ती भिंतीला सांगते, "जेवण वाढलं आहे." मग मीही भिंतीला सांगतो, "येतो." भिंतीमार्फत आमचं सहा वर्षं छान चाललं होतं. गावातल्या पुष्कळ घरांनी आता हे सोडलं आहे. आमच्या आईनं सोडलेलं नाही, आणि आईपुढे आम्ही दोघंही शहाणपणा करत नाही.

जीपचं पुढचं सीट सलग आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी आईनं ते बाहेरून न्याहाळलं आणि निकाल दिला, "हे त खाटच झाली. मास्तरीण मांगं बसन."

मास्तरीण मागे बसली. आडव्या बाकावर, खताच्या पोत्यांच्या सोबतीनं. पावसाळाभर ताडपत्रीच्या शिवणीतून तिच्यावर पाणी गळलं. दिवाळीनंतर रस्त्याचं काम निघालं आणि पाण्याची जागा धुळीनं घेतली. ती पिशवीत दुसरी साडी घेऊन निघायची, शाळेत पोचल्यावर बदलायची, आणि त्यात तिची प्रार्थना चुकायची. मुख्याध्यापकांनी दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाले, मॅडम, असं रोज चालणार नाही.

हे मला बायकोनं सांगितलं, चुलीपाशी बसून, जरा जास्तच मोठ्या आवाजात. दाराच्या पलीकडे भावसून उभी होती, तेव्हा हा निरोप कोणाचा आहे ते मला कळलं. "ती म्हणते, संक्रांतीपर्यंत बघते, मग सोडून देते," बायको म्हणाली.

ते मला लागलं. शिकवायची नोकरी करणारी आमच्या घरातली ती पहिली. संध्याकाळी गावातली पोरं पाट्या-वह्या घेऊन आमच्या अंगणात तिच्यापुढे बसतात, आणि अपूर्णांक समजला की त्यांची तोंडं कशी होतात ते मी गोठ्याकडून बघितलेलं आहे. असली बाई धुळीपायी घरी बसणार म्हणजे काय? भावानं फोनवर स्कूटी सुचवली. रायपुरात राहून त्याला रपटा आठवेनासा झालाय. मी त्याला म्हटलं, तू राहू दे, मी बघतो.

आणि मी गोंदियाजवळ फुलचूरला गेलो. तिथं गाड्यांची बॉडी बांधणारा एक कारागीर आहे. मोठा गोड माणूस. जे विचाराल त्याला त्याचं उत्तर एकच, "हो जाएगा, भैया." लोखंडी टप? हो जाएगा. पण तो जड, गंजणार, आणि आमच्या रस्त्यावर बँड वाजवत जाणार. फायबरचा? हो जाएगा. पण तो आमच्या गिट्टीवर तडकणार. ॲल्युमिनियम हलकं, गंजत नाही, काढायचा झाला तर दोघे जण उचलून ठेवतील. हे सगळं त्यानं नाही, मीच त्याला सांगितलं, आणि तो मान डोलवत राहिला. अशा माणसाबरोबर खरेदी करायला मजा येते.

पुढे निवडीचे बारकावे आले. सरकत्या काचांच्या मोठ्या खिडक्या की बंद पत्रा? मागचं दार वर उचलायचं की बाजूला उघडायचं? पुढचा आणि मागचा भाग एकच ठेवायचा की मधे आडवा पत्रा घालायचा? मी तिथल्या टपरीवर चहा घेऊन बसलो आणि नीट विचार केला. खिडक्या उघडतात, म्हणून तर धूळ येते. तेव्हा बंद पत्रा, दोन्हीकडे उजेडापुरती हातभर काच, न सरकणारी. आणि मधे आडवा पत्रा हवाच. पत्रा असला की तिला वाऱ्याशी झगडत पदर धरायला नको, मोकळेपणानं बसता येईल, हवं तर वह्या तपासता येतील. ही कल्पना सुचली तेव्हा मी स्वतःवर इतका खूश झालो की आणखी एक चहा सांगितला.

"भैया, हवा?" कारागिरानं एवढंच विचारलं.

"जंगलचा रस्ता आहे आमचा," मी म्हटलं. "हवाच हवा आहे तिथं."

"हो जाएगा," तो म्हणाला.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "तिला विचारलंत का, कसा पाहिजे?"

"कसं विचारू? भिंतीला?"

"मला सांगा, मी विचारते."

"अगं, झालंसुद्धा निवडून," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि भात उतरवला.

टप बसून आला तो दिवस मात्र खरंच बघण्यासारखा होता. जीप ओळखू येईना. पांढरा स्वच्छ टप, ओळीनं रिव्हेट, मागच्या दाराला रबराची पट्टी. गावातली माणसं येऊन बोटानं टकटक वाजवून गेली. शेजारच्या काकांनी विचारलं, "फ्रीज आणला का बे?" आईनं नारळ फोडला, दाराला हळदकुंकू लावलं. आडवा पत्रा बघून तिला फारच बरं वाटलं. भावसून पायरीवर उभी राहून बघत होती. पदरामुळे तिचं तोंड दिसलं नाही, पण ती खूश असणार हे मी धरूनच चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत बसली, मी दार लावलं, आणि आम्ही निघालो. पुढे मी एकटा, ऐसपैस. मागून आवाज नाही, काही नाही. मला वाटलं, वा, आरामात आहे मास्तरीण.

शाळेपुढे गाडी थांबवून मी मागचं दार उघडलं. आधी धूळ बाहेर आली आणि मग ती. आता मला माहीत झालंय की चालत्या गाडीचा मागचा भाग धूळ ओढून घेतो, दाराला बोटभर फट असली तरी पुरते, आणि एकदा आत शिरलेली धूळ बंद डब्यातून कुठे जात नाही. ताडपत्रीत निदान ती एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं निघून जायची. भावसुनेच्या पापण्या पिवळ्या झाल्या होत्या. ती दोन पावलं चालली, शाळेच्या फाटकाला धरून उभी राहिली आणि ओकली. मग तोंड पुसून फाटकाला म्हणाली, "संध्याकाळी एसटीनं येणं होईल."

त्या संध्याकाळी ती दाराआडून, मला ऐकू जाईल अशा बेतानं आईला म्हणाली, "आई, सांगून द्या त्यांना. मी शाळा सोडते. संक्रांतीची वाट बघत नाही."

मला राग आला. तिचा आला; खरं तर टपाचा यायला हवा होता, पण टप मी निवडलेला. मी बायकोला म्हटलं, "एवढा चांगला टप करून दिला. नुसतं बसायचं होतं आत. तेवढंही होत नाही."

"कायले चिडून राहिला तिच्यावर?" आई म्हणाली.

दाराआडून भावसुनेचा आवाज आला, शांत, वर्गात असतो तसा. "ज्यांना चांगला वाटतो त्यांनी बसून बघावं."

सहा वर्षांत भिंतीनं मला असं काही सुनावलेलं नव्हतं.

"बसलो असतो," मी म्हटलं. "पण मी मागे बसल्यावर गाडी कोण चालवणार?"

"मी चालवते."

मला वाटलं, रागानं बोलते आहे. मी आईकडे बघितलं. आई तांदूळ निवडत होती, तिचा हातही थांबला नाही. "तिच्या बापाघरी तीच त चालवे. टॅक्टर, पिकप, समदं. लायसन आहे तिच्या पेटीत."

"हे कधी कळलं तुला?"

"लगन झालं तवाच."

बायकोलाही ठाऊक होतं. भावाला तर असणारच. घरात एकट्या मला ठाऊक नव्हतं. "मले काऊन नाही सांगितलं कोणी?" मी विचारलं. चिडलो की माझी पुस्तकी भाषा सुटते.

"तू इचारलं का कधी?" आई म्हणाली. आणि मग तिच्या एकदम काहीतरी ध्यानात आलं. तिनं सूप खाली ठेवलं. "मास्तरीण पुढं, तू मांगं, अन् मधात पत्रा. मंग त बेस झालं. त्यात का वाईट आहे?"

सकाळी भावसुनेनं खिळ्यावरची चाबी घेतली. मी मागे जाऊन बाकावर बसलो, बायकोनं बाहेरून दार लावलं, आणि त्यात तिला जरा जास्तच आनंद झाला असं मला वाटलं.

आत काय असतं ते सांगतो. युरियाचा वास असतो. हातभर काचेतून झाडांचे शेंडे पळताना दिसतात, रस्ता दिसत नाही, त्यामुळे गाडी कुठे वळणार ते पोटाला सगळ्यात शेवटी कळतं. धरायला काही नाही, कारण मी कारागिराला दांडी लावायला सांगितलीच नव्हती. गाव सुटेपर्यंत मी ऐटीत बसलो होतो. गाव सुटल्यावर पोत्याला मिठी मारून बसलो.

गाडी मात्र ती सुरेख चालवत होती. गिअर पडलेला कळत नव्हता. थोडं पुढे गेल्यावर मधल्या पत्र्यावर टक टक झालं. मला वाटलं, काही हवं असेल. मी "काय?" म्हणेपर्यंत चाक खड्ड्यात गेलं आणि माझं डोकं टपाला लागलं. पुढच्या वेळी टक टक झालं तेव्हा मी पोतं घट्ट धरलं, आणि खड्डा आला. मग लक्षात आलं. प्रत्येक खड्ड्याआधी ती पत्रा वाजवून मला सांगत होती. रपट्याआधी तर तिनं गाडी जवळजवळ थांबवली, सावकाश वाजवलं, आणि मग उतरवली. जूनपासून मी तिला याच रस्त्यानं नेत होतो, आणि मला रस्त्यातला एकेक खड्डा पाठ होता. मान खाली घालून मी तसाच बसून राहिलो. धुळीनं डोळे चुरचुरत होते, पण सगळं काही धुळीनं नव्हतं.

शाळेपुढे गाडी थांबली. बाहेर पोरांचा गलका झाला, मॅडम गाडी चालवत आल्या म्हणून. दार उघडलं. पदर तिच्या डोक्यावर नीट होता, साडी कोरडी आणि स्वच्छ होती. मी एका हातानं डोकं चोळत खाली उतरलो.

"लागलं का?" तिनं विचारलं. तिथं भिंत नव्हती, फाटकही लांब होतं. तिनं मलाच विचारलं होतं.

"हो," मी म्हटलं. मग तिच्याकडे बघूनच विचारलं, "कसा करायचा टप? तू सांग."

तिनं चाबीच्या टोकानं धुळीच्या पत्र्यावर रेघ ओढली. इथून इथपर्यंत खिडकी, म्हणाली, सरकती, दोन्हीकडे. मधला पत्रा काढायचा, म्हणजे पुढची हवा मागे येईल. दाराचं रबर बाहेरून नाही, आतून. बाक आडवा नको, पुढे तोंड करून. धरायला दांडी, आणि ती वर नाही, बाजूला, कारण वरची बायकांच्या हाताला येत नाही. ती बोलत होती आणि पत्र्यावर आकृती वाढत होती. तिचं सगळं कधीचं ठरलेलं होतं. प्रार्थनेची घंटा झाली, पोरं आत पळाली, तरी ती सांगतच होती, आणि मी पहिल्यांदाच तिचं बोलणं पुरतं ऐकत उभा होतो.