सुखदेवभाऊंच्या गाडीचे दोन सिलेंडर

गॅरेजात बसणाऱ्या माणसाजवळ किस्से कसे साचतात, ते त्यालाही कळत नाही. उरलेले नट-बोल्ट तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकत जावे, तसंच ते! परवा एकानं विचारलं, "तुमसरला नोकरीला होता तेव्हा संध्याकाळी करत काय होता?" म्हटलं, "सुखदेवभाऊंच्या गाडीचे ब्रेक बसवत होतो." "किती दिवस?" "तीन वर्षं!" तो हसला. मला काही हसू आलं नाही. मी सरकारी कारकून. पण कचेरी सुटली की पाय आपोआप नामदेव मिस्त्रीच्या गॅरेजकडे वळायचे. बाजूलाच शालिक टर्नरची लेथ. फार आठवण येते हो त्या सगळ्यांची!

*

सुखदेवभाऊ चिखल्याच्या मँगनीज खाणीत मोठ्या साहेबाचे ड्रायव्हर. अठरा वर्षं एकच काळी विलायती गाडी चालवली. साहेब गेला, गाडी शेडमध्ये सडली आणि शेवटी भंगारात निघाली. रिटायर झालेल्या भाऊंनी ती उचलली!

ती तुमसरला आली बैलजोडीनं ओढत. भाऊ स्टेअरिंगवर, अंगात ड्रायव्हरचा जुना पांढरा ड्रेस. चौकात वळताना त्यांनी खिडकीतून हात काढून रीतसर सिग्नल दिला.

शालिक ओरडला, "भाऊ, बैलाईले काय समजते सिग्नल?"

"नसन समजत! लायसन माह्यं आहे, बैलाचं नाही!"

*

हे भंगार कायले घेतलं, ते यशोदावहिनींनी सांगितलं. वहिनी म्हणजे भाऊंची बायको, माहेर आंबागड. एका लग्नात त्यांचा मोठा भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "जवाई गाडीवाला, आन् बहीण पायी!" मांडव हसला. वहिनी तिथंच बोलून गेल्या, "आता येईन तं त्याच गाडीत बसून येईन!"

मग गेल्याच नाहीत. आंबागड काही दूर नाही, सायकलनं तास-दीड तास. राखी पोस्टानं जायची. भावाचा गुडघा दुखतो, हे वहिनी बाजारात भेटलेल्या माणसाकडून ऐकायच्या.

नामदेवनं विचारलं, "मंग बसनं काहून नाही जात?"

"शब्द गेला ना तोंडातून, मिस्त्रीभाऊ," वहिनी म्हणाल्या आणि भाऊंच्या जेवणाचा डबा ठेवून निघाल्या.

*

इंजिन सहा महिन्यांत बोललं. घोडं अडलं ते मास्टर सिलेंडरांवर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणाऱ्या नळकांड्यांवर. ब्रेकचा एक, क्लचचा एक, दोन्ही गंजून दगड झालेले. नामदेव नागपूरच्या भंगार बाजारातून दुसरे दोन घेऊन आला. दिसायला जुळे भाऊ! त्यानं ठोकून बसवले आणि गाडी गावाबाहेर काढली. स्टेअरिंगवर तो, बाजूला सुखदेवभाऊ, मागे शालिक आणि मी.

क्लच सुटेना नीट, आणि ब्रेकचं पेडल दाबलं तर थेट तळाला टेकलं! गाडी रस्ता सोडून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरली आणि कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यात तोंड खुपसून थांबली.

शेताचा मालक कुदळ घेऊन धावत आला. आता मार पडणार म्हणून आम्ही आतच बसून राहिलो. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "आता आलेच आहा, तं दोन-चार फेऱ्या मारून चुरणंच करून द्या!"

बैल फिरवून धान मळायचं त्याचं काम त्याला आमच्या चाकांकडून करून घ्यायचं होतं!

*

घोळ असा होता की नामदेवनं सिलेंडरांची अदलाबदल केली होती. ब्रेकच्या सिलेंडरचं पोट थोडं मोठं. शिवाय त्याच्या तळाशी एक बारका व्हॉल्व्ह असतो; पाय उचलला तरी तो थोडं प्रेशर धरून ठेवतो. क्लचला ते चालत नाही, तिथं सगळं मोकळं सुटावं लागतं.

पुन्हा घोळ नको म्हणून शालिकनं मोजमाप केलं. व्हर्नियर त्याचा तुटका. मग फरक मोजला धानाच्या दाण्यानं! "ब्रेकवाला एक दाणा आडवा मोठा आहे," त्यानं जाहीर केलं.

भाऊंनी लगेच हरकत घेतली, "कोन्ता दाणा? बारीक चिन्नोर का जाडा?"

त्यावर दोघं तासभर भांडले. सिलेंडर बाजूलाच पडून होते!

*

पुढची चूक माझी. सांगायला आजही लाज वाटते. सगळं जमलं, ब्रेक लागले, क्लच सुटला. ऑइल थोडं कमी दिसलं म्हणून मी हौसेनं ब्रेक ऑइलऐवजी जवळचं इंजिनाचं मोबिल ओतलं. दोन्ही सिलेंडरांत! आठ दिवसांत आतले रबर गुलगुल्यासारखे फुगले. तसले रबर मिळायला आणखी वर्ष गेलं.

दोन दिवस मी गॅरेजकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींनीच बोलावणं पाठवलं. भाकरी वाढत म्हणाल्या, "जेवा, बाबूजी. माहा भाऊ काई पळून नाही चालला." आणि आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

*

शेवटी गाडी आंबागडला निघालीच. मागच्या सीटवर, साहेब बसायचा तिथं, वहिनी. नव्या लुगड्यात, ताठ. मी आणि शालिक पुढे भाऊंजवळ दाटीवाटीनं. नामदेव मागून सायकलवर, काही निघालंच तर पाने-पक्कड घेऊन!

भाऊंनी गाडी बरोबर दारासमोर थांबवली. वहिनींचा भाऊ काठी टेकत बाहेर आला. पार थकलेला. गाडीचं दार उघडून म्हणाला, "उतर, यशोदे."

वहिनी उतरल्या नाहीत. सरकल्या. "पहिले तू बस," म्हणाल्या.

आम्ही दोघं खाली उतरलो. ते दोघं बहीण-भाऊ मागे, सुखदेवभाऊ पुढे, आणि गाडी किल्ल्याकडच्या रस्त्यानं गेली. अर्ध्या तासानं नामदेव घामाघूम होऊन पोचला. त्याचा चहा झाला, दुसरा झाला. आम्ही तिघं रस्त्याकडे डोळे लावून बसलो.

तासाभरानं गाडी आली आणि पुन्हा बरोबर दारासमोर थांबली. मागची दोघं तशीच बसून राहिली. मग म्हाताऱ्यानं काच खाली करून नामदेवला जवळ बोलावलं. त्याचे डोळे लाल झाले होते.

"ब्रेक तूच बसवले का रे, मिस्त्री?"

"हो जी. काहून? काई चुकलं काय?"

"इतले चांगले कायले बसवले, बाप्पा? दारातच थांबली ना!"