रोज संध्याकाळी सातला बंद पडणारं मशीन

"लिक्विड कूलिंगच पाहिजे, गजूभाऊ. त्याच्यावर चर्चा न्हाई," सुवर्णा व्हिडिओ कॉलवर म्हणाली.

ती जर्मनीत, मी हिंगोलीत. तिच्या अंगात स्वेटर, माझ्या अंगात बनियन. मार्च संपत आला होता आणि आठवडाभर आमचं हेच भांडण चालू होतं.

मी बावीस वर्षं कॉम्प्युटर जोडून देतो. असेंबलिंग म्हणतात त्याला. गिऱ्हाईक सुटे पार्ट निवडतं, ते एकमेकांशी जमतात का हे बघून आम्ही मशीन उभं करतो. सोयरीक जुळवण्यासारखंच काम, फक्त इथं पत्रिका खोटी चालत नाही.

सुवर्णा राठोड पुसेगावजवळच्या तांड्यावरची. कॉलेजात असताना तिनं पहिला सेकंडहँड कॉम्प्युटर माझ्याकडूनच नेला होता. आता ती तिकडं एका गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. गेममधले डोंगर, झाडं, पडके किल्ले ती तयार करते. असं काम करायचं मशीन आणि भारी गेम खेळायचं मशीन यात फरक नसतो. तगडा प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू. आणि तेवढंच तगडं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं काढणारा पार्ट. दोन्ही कामाला लागले की चुलीगत तापतात.

हे मशीन तिला जर्मनीत नको होतं. तांड्यावरच्या घरात हवं होतं. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील गेले. तेव्हापासून घरात आई एकटी, धुरपताबाई. आई पुण्यालाही यायला तयार नाही, जर्मनीचं तर नाव काढायचं नाही. मग लेकीनंच कंपनीला विचारलं, मी गावात राहून काम करू का? कंपनी म्हणाली, आधी तिथं मशीन बसव. तू इथूनच ते नेटवरून चालव. सलग सात दिवस, दिवसरात्र, न थांबता चाललं तर खुशाल जा. थांबलं तर विषय संपला.

"याडीला यातलं काही सांगू नका," सुवर्णा म्हणाली. तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. "दोनदा मी येते येते म्हणले आन् आले न्हाई. या टायमाला पण न्हाई झालं तर तिचा जीव तुटल."

मी शब्द दिला. पण लिक्विड कूलिंग द्यायला तयार नव्हतो.

लिक्विड कूलिंग म्हणजे प्रोसेसरवरून पाणी फिरवायचं, ते एका जाळीत न्यायचं आणि पंख्यानं निववायचं. मोटारसायकलचं इंजिन हवेवर निवतं, कारचं पाण्यावर, तोच फरक इथं.

"तुझ्या खोलीत आत्ता टेंपरेचर किती?" मी विचारलं.

"वीस."

"तांड्यावर एप्रिलात त्रेचाळीस. वर पत्रा. पाणी फिरवलं म्हणून मशीन खोलीपेक्षा गार होणार हाय का?"

"न्हाई, पण..."

"आन् पंप गेला तर? नवा यायला आठ दिवस. पंखा गेला तर मी गाडीला किक मारतो अन् तासाभरात बदलून देतो. सांग, काय लावू?"

"दिसतं किती भारी पण ते!"

"बघणार कोण हाय तिथं? तुझी याडी?"

ती हसली, तिथं मी जिंकलो. प्रोसेसरवर मोठा एअर कूलर ठरला. तो म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यांचा ठोकळा आणि त्याला पंखे. कॅबिनेट, म्हणजे मशीनची पेटी, तिनं काचेची निवडली होती, ती काढून मी पुढून जाळी असलेलं घेतलं. हवा पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. "मंग लायटिंग तरी लावा," ती म्हणाली. मी म्हणालो, "मशीन हाय का वरातीतला घोडा?" तेही गेलं. पंखे मात्र मी माझ्या पसंतीचे घेतले, मोठे आणि सावकाश फिरणारे. आवाज म्हणाल तर शून्य. त्याचा मला फार तोरा होता.

दुकानात तीन दिवस फुल लोडवर चालवून बघितलं. मग कॅबिनेट मांडीवर घेऊन जीपनं तांड्यावर गेलो.

एप्रिल म्हणजे आमच्याकडं हळदीचा हंगाम. तांड्यात घराघरापुढं शिजवलेली हळद वाळत होती. पलीकडं पॉलिशचा ड्रम फिरत होता. त्यात घासून हळकुंडाची साल काढतात. ती पिवळी भुकटी हवेत, पत्र्यावर, बकऱ्यांच्या पाठीवर, सगळीकडं. या दिवसांत माझ्याकडं रिपेअरला येणारे पंखेसुद्धा पिवळेच असतात.

धुरपताबाईंनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी यूपीएसवर उडणार तेवढ्यात मी हात आडवा धरला.

"काय करतं हो हे, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"सुवर्णाच्या कामाचं हाय, मावशी. ती तिकडून चालवल. तुमी कशाला हात लावू नका. धूळ तेवढी बसू देऊ नका."

हे शेवटचं वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. सवयच आहे जिभेला.

सोमवारी रात्री सात दिवसांची टेस्ट सुरू झाली. मंगळवारी संध्याकाळी सातला फोन.

"मशीन बंद पडलं, गजूभाऊ."

"लाईट गेली असल."

"न्हाई. याडीला फोन केला, लाईट हाय. तिनं बटण दाबलं तर लगेच चालू झालं. लॉग बघितला. तापून बंद पडलं."

लॉग म्हणजे मशीन स्वतःच स्वतःचा ताप लिहून ठेवतं ती वही. ठरलेल्या हद्दीच्या वर ताप गेला की मशीन जळू नये म्हणून आपणहून बंद होतं. मी लॉग मागवला आणि चक्रावलो. दुपारी दोनला, बाहेर आग ओकत असताना, प्रोसेसर अठ्ठ्याहत्तर डिग्रीवर निवांत. आणि ऊन उतरल्यावर साडेसहापासून अर्ध्या तासात थेट शंभर! ऊन उतरल्यावर मशीन तापतं? बावीस वर्षांत असलं बघितलं नव्हतं.

बुधवारी पुन्हा तेच. सातला पाच कमी.

"मी म्हणत होते, लिक्विड लावा," सुवर्णा म्हणाली. मी लॉग पुन्हा वरपासून वाचायला घेतला. 

गुरुवारी दुपारी तांड्यावर गेलो. धुरपताबाई हळदीच्या कामावर होत्या, किल्ली शेजारी ठेवलेली. मला वाटलं जीपच्या दणक्यानं कूलर ढिला झाला असेल. उघडून बघितलं तर स्क्रू घट्ट. तरी प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट खरवडली, नवी लावली. ताप प्रोसेसरमधून कूलरमध्ये जावा म्हणून ती पेस्ट असते. पंखे पुसले. चार वाजता छाती फुगवून निघालो. सुवर्णाला मेसेज टाकला, "आता बघ."

सातला तिचा फोन. मशीन बंद.

ती रडत होती. मॅनेजरनं सांगितलं होतं, तुझ्यासाठी पुढच्या सोमवारपासून एकदा नव्यानं मोजतो. ते शेवटचं.

"मी आता काही आस धरून बसत न्हाई, गजूभाऊ. तिला एकटीलाच ऱ्हावं लागणार."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मशीन माझ्या हट्टानं असं झालं होतं. पार्ट बदलणं सोपं असतं, पण कोणता बदलायचा हेच कळत नव्हतं. शेवटी ठरवलं, आता काही उघडायचं नाही. नुसतं बसून बघायचं.

शुक्रवारी चारला जाऊन त्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. पाच वाजले, ठीक. सहा वाजले, ठीक. सव्वासहाला धुरपताबाई कामावरून आल्या. मला बघून म्हणाल्या, "काहून बसले असे? तब्येत बराबर हाय न?" हातपाय धुतले, चहा दिला आणि खोली झाडायला घेतली. पिवळ्या भुकटीचा ढीग निघाला. झाडून झालं, उदबत्ती लावली. मग पेटीतून त्यांनी एक जाड कापड काढलं. सगळं भरतकाम, मधे आरसे, कडेला कवड्या. त्यांच्या स्वतःच्या हातचं. ते नीट झटकलं आणि माझ्यादेखत मशीनवर घातलं. पुढून, मागून, वरून, चारी कोपरे ओढून, जणू पाळण्यातल्या लेकराला पांघरूण.

"अवं मावशी!" मी ओरडलोच. "हे काय करून राहिले?"

"धूळ बसते ना, भाऊ. तुमीच म्हणले होते, धूळ बसू देऊ नका."



"पण ते चालू हाय!"

त्यांनी मॉनिटरकडं बोट दाखवलं. "चालू कुठं हाय? टीव्ही तर काळा हाय."

पडदा काळाच होता. लेक जर्मनीतून काम करते, इथला मॉनिटर वापरत कोण होतं? लायटिंग मी लावू दिली नव्हती. आवाज येऊ नये म्हणून पंखे मी निवडून आणले होते. घरातल्या माणसाला मशीन चालू आहे हे कळावं अशी एकही खूण मी ठेवली नव्हती. सातला लेकीचा फोन आला की त्या कापड काढायच्या, बटण दाबायच्या आणि लेक काम करते म्हणून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत उघडं ठेवायच्या. संध्याकाळी झाडून झालं की दिवसाचं काम संपलं समजून पुन्हा कापड.

मी कापड उचललं. म्हणालो, "मावशी, आता आठ-दहा दिवस याच्यावर काही घालू नका."

"अन् हळद बसली म्हंजे?"

"बसू द्या."

"काहून पण? येवढ्या मोलाची वस्तू लेकीनं पाठवली, अन् उघडी ठेवू?"

त्यांना पटत नव्हतं. पटणारही नव्हतं. मी गेलो की त्या कापड घालणार हे चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आणि खरं कारण सांगायचं नाही असा मी शब्द दिलेला.  मग शब्द मोडला.

"मावशी, हे सोमवारपासून सात दिवस बंद पडलं न्हाई, तर सुवर्णा हितं ऱ्हायला येणार हाय. तुमच्याजवळ. नोकरी हितूनच करणार."

धुरपताबाई खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "आन् मी रोज तिचं येणं झाकून टाकत होते का?"

"तुमी न्हाई, मावशी. मी. चूक माझी हाय."

"मला सांगायचं तर होतं पोरीनं. मी खाट टाकून बसले असते ना याच्यापाशी!"

सोमवारी त्यांनी खरोखर खाट टाकली. चालू-बंद कळायची रीत मी शिकवली होती. कॅबिनेटच्या मागं तळहात धरा, गरम हवा लागली की चालू. रोज सकाळ-संध्याकाळ मला फोन. "गजूभाऊ, गरम येऊन राहिली. बराबर हाय न?" मी म्हणायचो, बराबर. दुकानातली गिऱ्हाइकं विचारायची, काय गरम येऊन राहिलं हो?

शुक्रवारी भर दुपारी फोन आला. "गरम येते, भाऊ, पण जोर न्हाई. काल हाताला फुंकर लागत होती, आज नुसती ऊब हाय."

मी सुवर्णाला लॉग विचारला. ती म्हणाली, सगळं ठीक आहे, दोन-तीन डिग्री वाढलंय. पण मला बाईंच्या हातावर जास्त भरवसा वाटला. पुढची जाळी बघायला लावली. पिवळीधमक. भुकटीनं छिद्रं बुजत चालली होती. मऊ ब्रशनं, मशीन चालू असतानाच, वरून खाली जाळी झाडायला सांगितलं. दहा मिनिटांनी त्यांचा आवाज. "आली फुंकर!" एखादा दिवस तसाच गेला असता तर शनिवारी सगळंच मुसळ केरात गेलं असतं. मशीनच्या वहीत जे अजून नीट उमटलं नव्हतं, ते बाईंच्या तळव्याला कळलं. मग त्या रोज दोनदा जाळी झाडू लागल्या.

पुढच्या सोमवारी सात दिवस पूर्ण झाले. एकदाही बंद नाही. कंपनीनं वर्षभराची परवानगी दिली. सुवर्णाचा फोन आला तेव्हा तिला हुंदके आवरेनात, आणि खरं सांगतो, मी पण दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

जूनमध्ये ती आली. आल्यावर आठवडाभरानं आईला घेऊन दुकानात.

"तुमी शब्द मोडला, गजूभाऊ," ती म्हणाली.

"मोडला."

"बरं केलं."

"काम कसं चाललंय मंग?" मी तिला विचारलं. धुरपताबाई मधेच म्हणाल्या, "तिला काय इचारता, मला इचारा. आता मशीनीसारखी पोरगी पण दिवसभर आवाज करत न्हाई. जेवली का न्हाई हे बी कळत न्हाई."

त्यानंतर मी अजून बरीच मशीनं दिली. पार्टची लिस्ट गिऱ्हाईकच ठरवतं, पैसे देणाऱ्याचा तो हक्क आहे. पण मशीन बसवून झालं की मी आता पहिला प्रश्न विचारतो, "घर कोण झाडतं?" आणि जे कोणी झाडत असेल, त्याला आधी बोलावून मागच्या बाजूला हात धरायला लावतो. मालकाला नंतर समजावलं तरी चालतं.