पुढचा पिवळा दात

निपाणीत मुलीचा दात पिवळा दिसला की लोक एकच विचारतात, मिसरी लावतेस का? तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड आमच्या गल्लीत निम्म्या बायका दातांना लावतात. मी कधी बोटसुद्धा लावलं नाही. तरी तो प्रश्न माझ्याच नशिबी आला.

शाळेत पडले तेव्हा माझा पुढचा दात निम्मा तुटला होता. बेळगावच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला दाताच्याच रंगाचं सिमेंट भरून दिलं, कुणाला ओळखूही येत नव्हतं. पुढं मैत्रिणीच्या लग्नात बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरी करणारा एक जण भेटला. जाताना म्हणाला, "तुम्ही हसता लई छान." झालं! त्याच्या घरचे मला बघायला येणार असं ठरलं, आणि मी दात पांढरे करणारी पेस्ट आणली. सकाळी, दुपारी, झोपताना, खसाखसा घासत सुटले. मला तो हवा होता, दुसरं काय सांगू?

दात खरंच उजळले. भरलेला तुकडा मात्र होता तसाच राहिला, वर चहाचा रंग धरायला लागला. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आरशात नीट बघितलं. पांढऱ्या रांगेत तो एकटा पिवळा. धावतपळत बस पकडून बेळगाव गाठलं.

डॉक्टरीणबाई चिडल्याच. "अगं, पेस्टनं दातावरचे डाग निघतात. हे सिमेंट तिनं पांढरं होत नाही. उलट घासून घासून खरखरीत केलंस, आता त्यात चहा मुरणारच."

"मग आत्ता बदला."

"हिरड्या बघ, रक्त येतंय. आज भरलं तर टिकणार नाही. पंधरा दिवसांनी ये."

पंधरा दिवस! आणि पाहुणे उद्या सकाळी.

आक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, तोडगा काढला. "तोंड उघडूच नकोस. हसलीस तर मेलीस बघ."

दुसऱ्या दिवशी ओठ घट्ट मिटून पाहुण्यांसमोर बसले. त्याच्या आईनं विचारलं, "सैपाक येतो न्हवं?" मी "हं" केलं. "बेळगावात ऱ्हाशील?" मान हलवली. त्यानं काहीतरी गंमत केली, सगळे हसले. मी तळहातात नखं रुतवून बसले. त्याचा चेहरा उतरत चालला होता, मला दिसत होतं, आणि आक्का दाराआडून डोळे वटारत होती. शेवटी कप खाली ठेवून तो वडिलांना म्हणाला, "त्यांच्या मनात न्हाय, आप्पा. जबरदस्ती नको. चला."

सगळे उठले. दारात चपला घालायला लागले. माझं डोकंच फिरलं.

"थांबा की!" मी ओरडले. "मनात हाय! दात पिवळा हाय म्हणून गप बसले!" आणि आ करून सगळ्यांना दाखवला.

त्याची आई परत आत आली. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"मिसरी लावतीस?"

"न्हाय हो, देवाशपथ न्हाय! भरलेला दात हाय. पेस्टनं घासून मीच वाटोळं केलं."

तिनं अंगठ्यानं माझा ओठ वर करून दात निरखला. तो उंबऱ्यावर तसाच उभा, एका पायात चप्पल. मग ती माझ्या कानाशी वाकली.

"लावत असतीस तर बरं झालं असतं गं. आमच्या घरात मी एकटीच चोरून लावते."

मला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. त्यानं बघितलं. तिनं मागं वळून त्याला दटावलं, "काढ रं ती चप्पल."