वीतभर खालची बैठक

ख्वाजा नदाफ पिंजारी होता. गंगावेशीत त्याचं एका खणाचं दुकान होतं. कापूस पिंजून पिंजून त्याच्या भुवयांवर तंतू बसलेले असत, त्यामुळे तिशीतच तो म्हातारा दिसायचा आणि साठीत पोहोचल्यावरही तेवढाच. माणसाकडे तो आधी कमरेखाली बघायचा, तोंडाकडे नंतर. गिऱ्हाईक आलं की त्याला फळीवर बसवायचा आणि स्वतः लांब उभा राहून न्याहाळायचा. एका सावकाराची डावी कूस जड होती, तर त्याच्या धमनीतल्या, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीतल्या, गादीत ख्वाजानं डावीकडे कापूस दाबून भरला. सावकाराला हे कधी कळलं नाही. एवढंच कळलं, की ह्या गादीवर पाठ दुखत नाही.

कोल्हापुरातल्या धमन्या आणि टांगे त्याच्याकडे येत. मग जर्मनशी चाललेली लढाई संपली आणि लढाईवरच्या जुन्या मोटारी लिलावात निघाल्या. शाहू महाराजांच्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. पुढं दोन माणसांचा बाक, मागं उघडा हौदा, अशा लहान मालमोटारी गुळाच्या व्यापाऱ्यांनी हौसेनं घेतल्या. हौदा चांगला होता. त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रारी सगळ्या पुढच्या बाकाच्या.

आठवड्याभरात व्यापारी ख्वाजाच्या दारात.

"ह्यो बाक हाय का तिरडी?" गणपतराव म्हणायचे. त्यांचा भाताचा व्यापार होता. "राधानगरीपातूर जाऊन आलो, बायकोनं रात्री पाठीला एरंडाचं पान बांधलं."

"खाली पाय ठिवायची सोय न्हाय. पत्रा तव्यावानी तापतोय."

"पान खाल्लं तर थुकायचं कुठं? वारं फिरलं की आपल्याच धोतरावर."

पावसाची झड आत येते, टेकायला लोड नाही, बाईमाणसानं चढायचं तर पाय किती उचलावा. गुळाची ढेप पुढं ठेवली की उन्हानं पाझरते आणि बाकात मुंग्या होतात. ख्वाजा सगळं ऐकून घ्यायचा. पायाखाली त्यानं काथ्याची जाड चटई दिली, मुंग्यांसाठी गादीच्या कापडाला मेण लावलं, चढताना धरायला कातडी पट्टा अडकवला. इंजिनाचं त्याला काही कळत नव्हतं. बसणं कळत होतं, आणि लोकांना तेवढंच हवं होतं.

ह्या व्यापाऱ्यांत बाळासो म्हणून एक होते. बुटके, गोरे, गुळाच्या बाजारात वजन असलेले. फेटा मात्र एवढा मोठा बांधायचे, की माणूस नंतर दिसायचा. ख्वाजाला त्यांच्याविषयी विशेष अगत्य होतं, कारण त्यांच्या मोटारीवर गैबी ड्रायव्हर होता आणि गैबी ख्वाजाचा जावई होता. ख्वाजाची एकुलती एक मुलगी रशिदा त्याला दिलेली. लढाईत गैबी मोटारीवर होता, तिथं चालवायला शिकला. उंच, शांत पोरगा. अंगात सदा खाकी कोट, गुंड्या घासून लखलखीत. कोल्हापुरात तेव्हा मोटार चालवणारे थोडे आणि मोटारी त्याहून थोड्या. नोकरी गेली तर दुसरी मिळायची नव्हती. रशिदाचं घर त्या एका चाकावर होतं.

एका पौर्णिमेला बाळासो सहकुटुंब नृसिंहवाडीला गेले. मंडळी मागं हौद्यात सतरंजीवर, बाळासो पुढं गैबीच्या शेजारी. परत निघताना पेढेवाला पुडा घेऊन धावत आला आणि त्यानं तो गैबीच्या हातात दिला. "घ्या मालक," म्हणाला. "पुढल्या पुनवंला आमच्याकडंच या. दिवाणजीस्नी पत्ता देऊन ठिवतो." दिवाणजी म्हणजे बाळासो.

मागं बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाळासोंच्या मंडळी तर कोल्हापूर येईपर्यंत मधूनमधून हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासो दुकानात.

"ख्वाजा, माझी गादी उंच कर."

"उंच केली तर फेटा टपाला लागंल, मालक."

"मग टप उंच कर."

"ते लोखंड हाय. माझं काम न्हवं."

"मग काय त्या पोराच्या मांडीला मांडी लावून दिवाणजी म्हणून हिंडू? डायवर आन मालक एका बाकावर, ही कसली रीत? धमनीत गडी कुठं बसतोय? खाली बसतोय का न्हाय?"

ख्वाजानं त्यांना फळीवर बसवलं आणि नेहमीसारखा लांब उभा राहिला. मग त्याला सुचलं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं; स्वतःच्या डोक्यातून आलं आणि त्याचा त्याला आनंद झाला. मालकाला वर नेता येत नाही, तर ड्रायव्हरला खाली घ्यावं. बाक मधोमध कापायचा. गैबीच्या बाजूची फळी वीतभर खाली ठोकायची, वर पातळ गादी. बाळासोंची बाजू आहे तिथंच, हाताखाली लोड.

जन्मभर गाद्या केलेल्या माणसाची ही चूक होती. गादी म्हणजे मान, हे त्याला ठाऊक. गादीवर बसून कुणाला पुढं बघावं लागतं, हे त्याच्या मनातच आलं नाही. त्याच्या गादीवर आजवर बसले ते सगळे मालक होते. बघायचं काम दुसऱ्याचं असायचं.

बाळासो खूश झाले. बाजारात दाखवत फिरले. गणपतरावांनीही येऊन पाहिलं आणि आपली तशीच करून हवी म्हणून सांगून गेले.

गैबी चार-पाच दिवसांनी सासऱ्याकडे आला. कोट काढून खुंटीला लावला आणि भिंतीशी टेकून बसला.

"मामू," तो म्हणाला, "मला लांबचं दिसतंय. जवळचं दिसत न्हाय. मोटारीचं नाक म्होरं येतंय."

"नाकाच्या म्होरं काय बघायचंय? रस्ता कुठं पळून जातोय व्हय?"

"तसं न्हवं. बकरं आडवं आलं तर..."

"भोंगा हाय की. वाजवायचा."

हुसेनबी, ख्वाजाची बायको, चुलीपाशी होती. ती म्हणाली, "पोरगं सांगतंय तर ऐका की जरा."

ख्वाजानं मग एक उशी करून दिली. चपटी, कोणाच्या नजरेत न येणारी. ती घालून गैबी दोन फेऱ्या करून आला. तिसऱ्या फेरीला बाळासोंनी त्याच्या खांद्याशी आपला खांदा लावून बघितला.

"उंच झालास व्हय रे? वाडीचा पेढा अंगी लागला म्हणायचा."

उशी त्यांनी हौद्यात टाकली. ती गुळात चिकटली, मग कुणीतरी फेकून दिली. गैबीनं पुन्हा विषय काढला नाही. सासऱ्याकडे नाही आणि मालकाकडेही नाही.

माघात, गुऱ्हाळं जोरात असताना, मोटार राधानगरीकडून गूळ भरून येत होती. भोगावतीच्या काठी एका गावाशी इंजिनात पाणी घालायला थांबली. पुढं बैलगाड्या नुकत्याच गेल्या होत्या, रस्त्यावर शेण पडलेलं. धोंडुबाई म्हणून त्या गावची एक बाई पाटी घेऊन आली. शेणी थापून विकणारी बाई. गाड्या गेल्या की तिला मागोमाग यावंच लागे, नाहीतर दुसरी कोणी येई. पाणी घालून गैबी डबा ठेवायला मागं गेला, तेव्हा मोटार उभीच आहे हे बघून ती मोटारीच्या पुढ्यात वाकली.

गैबीनं डबा ठेवला, चढला, भोंगा वाजवला. बाळासो आपल्या उंच गादीवरून, लोडावर रेलून, बाजूच्या शेतातल्या ओळखीच्या माणसाशी उसाबद्दल बोलत होते. त्यांची पाठ रस्त्याकडे होती. धोंडुबाई कानांनी मंद होती, हे नंतर कळलं. मोटार हलली.

फौजदारांनी गैबीला त्याच दिवशी आत टाकलं. मोटार चावडीमागच्या आवारात आणून लावली.

ख्वाजाला कोणी दोष दिला नाही. मोटारीखाली माणूस गेलं, ड्रायव्हरची चूक, असंच सगळे म्हणत होते. पण त्याचं पिंजण बंद पडलं. तिसऱ्या दिवशी तो हुसेनबीला घेऊन त्या आवारात गेला. पहाऱ्यावरचा शिपाई ओळखीचा होता, त्यानं पाठ फिरवली. ख्वाजा आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर बसला. चाक हातात धरलं. समोर मोटारीचं काळं नाक, त्यापुढं भिंतीचा वरचा भाग आणि चिंचेचं झाड.

"म्होरं हुबी ऱ्हा," तो म्हणाला.

हुसेनबी उभी राहिली. तिचा चेहरा दिसला.

"आता वाक."

ती दिसेनाशी झाली.

"वाकलीस का?"

"वाकलीया की."

"जरा बाजूला सरक. आता?"

"हितंच हाय मी. का वो?"

ती पुष्कळ वेळ तशीच वाकून होती. तो सांगेल तेव्हा उठायचं म्हणून. शेवटी शिपाई म्हणाला, "अवो, त्या बाईला उठवा आता."

ख्वाजा मोटारीत बसून बघून आल्याचा बाळासोंना सुगावा लागला. ते स्वतः दुकानात आले आणि ह्या वेळी फळीवर बसले नाहीत, उभेच राहिले. "वकील माझा हाय. पोराला सोडवायचं मी बघतो. तू कचेरीत येऊन गादीचं काय बोलू नगंस."

"बोलणार मी. पोराचा काय बी कसूर न्हाय. मी त्येला खाली बशीवलाय."

"तुला कळत न्हाय ख्वाजा."

हे बोलणं मात्र खरं निघालं.

खटल्याच्या दिवशी साक्षीदारांना बाहेर बसवलं होतं. फौजदारांकडे स्वतःहून नाव दिलेला ख्वाजा झाडाखाली बसला. शेजारी एक वाळका माणूस होता. पिराजी, धोंडुबाईचा नवरा. त्यानं चंची काढली, तंबाखू मळली, अर्धी ख्वाजापुढं केली.

"पावणं, तुमचं कोण हाय आत?"

"जावई."

"चोरी का?"

"मोटार चालवत हुता."

पिराजीचा हात तसाच पुढं राहिला. मग त्यानं तंबाखू ख्वाजाच्या तळहातावर ठेवली. "तुमी तर काय केलंसा," म्हणाला आणि दुसरीकडे बघत बसला. केलंय मीच, हे सांगायला ख्वाजानं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्या नावाचा पुकारा झाला.

आत गैबी पिंजऱ्यात होता. अंगात कोट नव्हता. सासऱ्याला बघून त्यानं मान हलवली, जरा, नकारार्थी. ख्वाजाला वाटलं, पोराचा धीर सुटलाय. तो मोठ्यानं बोलू लागला. बाक कसा कापला, फळी कुठं ठोकली, वाकलेलं माणूस कसं दिसत नाही, सगळं सांगितलं. हुसेनबीचंही सांगितलं. मॅजिस्ट्रेटसाहेब लिहून घेत होते. बाळासोंच्या वकिलानं डोक्याला हात लावला.

"हे आरोपीला ठाऊक होतं?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब. त्येनंच मला सांगिटलं. मीच ऐकलं न्हाय."

"केव्हा सांगितलं?"

"बैठक केली त्याच आठवड्यात. म्हणला, मामू, जवळचं दिसत न्हाय."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि गैबीकडे बघितलं. गैबी जमिनीकडे बघत होता. ख्वाजा बाहेर होता तेव्हा त्यानं जबानी दिली होती, की त्याला रस्ता स्वच्छ दिसत होता आणि बाई अचानक आडवी आली. वकिलानं पढवलेलं होतं. त्याच्यावर तो सुटलाही असता. आता दोन गोष्टी ठरल्या. आरोपी खोटं बोलला, आणि पुढचं दिसत नाही हे पक्कं ठाऊक असताना त्यानं मोटार हाकली. गादी कोणी केली, कोणाच्या हौसेसाठी केली, हे निकालात एका ओळीत आलं. गादी करणं हा गुन्हा नव्हता. सक्तमजुरी झाली ती गैबीला.

रशिदा माहेरी येऊन राहिली. स्वयंपाक करायची, कापूस निवडायची. एकदा ख्वाजा तिच्यापुढं ताट घेऊन बसला आणि काहीबाही समजावू लागला, तेव्हा ती म्हणाली, "अब्बा, तुमी खरं बोललासा. मी कुठं न्हाय म्हणतीया. पण माझ्यासंगं बोलू नगासा." तिनं हे चिडून म्हटलं नाही. तो पुढं खरोखरच बोलला नाही. मीठ हवं असलं तरी हुसेनबीला सांगायचा, आणि ती रशिदाला.

गणपतराव मोटार घेऊन दारात आले. "बाळासोंच्यासारखी करून दे. तुझ्या सवडीनं."

"आता मोटारीचं काम करत न्हाय मी, मालक."

"अरे, एका बाईसाठनं धंदा सोडतोस?"

ते काम शुक्रवार पेठेतल्या एका सुतारानं केलं. गणपतरावांची झाली, मग आणखी दोघातिघांची. बाळासोंनी नवा ड्रायव्हर ठेवला. तो ठेंगणाच बघून ठेवला.

गैबी सुटून आला तेव्हा महाराज जाऊन वर्ष झालं होतं. त्याचा एक डोळा तुरुंगात चुना उडून अधू झाला होता. मोटार चालवायचा प्रश्नच उरला नव्हता. तो दुकानाच्या पायरीखाली उभा राहिला, वर आला नाही. रशिदानं बोचकं आधीच बांधून ठेवलं होतं. कागलकडे त्याच्या चुलत्याचं शेत होतं, तिथं दोघं जाणार होती.

ख्वाजा बाहेर आला. "तू दिसत हुतं म्हणून का सांगिटलंस?" हा प्रश्न त्यानं दीड वर्ष जपून ठेवला होता.

"दिसत न्हवतं म्हणलो असतो तर का दिसत न्हवतं म्हणून इचारलं असतं की," गैबी म्हणाला. "मग तुमचं नाव आलं असतं."

हुसेनबी रडायला लागली. गैबीनं बोचकं रशिदाच्या हातून घेऊन आपल्या खांद्यावर टाकलं. "येतो मामू," म्हणाला. रीतीप्रमाणे वाकून सलामही केला. मग ती दोघं वेशीकडे चालू लागली, रशिदा त्याच्या अधू डोळ्याच्या बाजूनं. समोरून टांगा आला तेव्हा तिनं त्याला दंडाला धरून कडेला घेतलं. ख्वाजा पायरीवरून बघत राहिला. माणसं दिसेनाशी झाली तरी तो आत गेला नाही. दुपारी गिऱ्हाईक येऊन, काम टाकून मालक असा काय उभा आहे म्हणून हाका मारू लागलं, तेव्हा हुसेनबीनं त्याला हाताला धरून आत नेलं.