काकूंची झोप आणि माझा अहवाल

पीअर वर्कर म्हणजे स्वतः मनाच्या आजारातून गेलेला आणि आता तशाच आजारी माणसाच्या घरी जाऊन बसणारा माणूस. आमच्या संस्थेला अशी माणसं फार आवडतात. पोस्टरवर तर फारच. त्यांच्यावर देखरेख करायला मला ठेवलं, कारण माझ्याकडे पदवी होती आणि आजार नव्हता. अनुभवाची कदर आमच्याकडे अशी होते.

माझ्या 'हाताखाली' (शब्द संस्थेचा) एक काकू होत्या. मूळच्या नागपूरकडच्या, इकडे हिंदी मुलखात दुर्गला रेल्वेत नोकरी असलेल्या घरातल्या, माझ्या आईच्या वयाच्या. दर सोमवारी कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या आमच्या केंद्राच्या मागच्या खोलीत आम्ही तासभर बसायचो. त्या बोलायच्या, मी फॉर्म भरायची.

एका सोमवारी म्हणाल्या, "पोरी, अकरा घरं लय होऊन राहिली. हथखोजच्या बाईकडून आली का रातभर डोळ्याले डोळा लागत नाही."

हथखोज वस्तीतली ही बाई, काकूंच्या अकरा घरांपैकी एक, कोणालाच दार उघडत नसे. काकूंना उघडायची. दर गुरुवारी दोघी काही न बोलता भाजी निवडत बसायच्या. यालाच आमच्या फॉर्मवर 'हस्तक्षेप' म्हणतात.

माझं रक्त उसळलं. मी कारखान्यांच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटून मोठी झालेली. पत्रकात 'थोडं जास्त होतंय' असं काही नसतं. मी अहवालात ठोकलं: 'कार्यकर्ती पिळून निघाली आहे! झोप उडाली आहे! मन कोलमडण्याच्या काठावर आहे!' आणि सगळ्यात खाली मागणी, घरं कमी करा. काकूंना दाखवलं नाही. पत्रक छापण्याआधी पीडिताला कोण विचारतं?

एरवी पंख्याच्या अर्जाला उन्हाळा उलटून जातो; यावर दोन दिवसांत आदेश आला. मागणीपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं. 'कार्यकर्तीत जुनी लक्षणं दिसतात. डॉक्टरचं सर्टिफिकेट येईपर्यंत घरभेटी बंद.' आजारी होती म्हणून कामावर घेतली, आणि थकली तर आजारी म्हणून घरी बसवली. वा रे हुशारी! आणि या हुशारीला शाई मी पुरवली होती.

काकू कागद घेऊन आल्या. "कावून लिहिलं व असं? मी कोलमडली अन् मलेच पत्ता नाही?"

"काकू, मी तुमच्यासाठीच लढत होते."

"हो ना. माह्यासाठी लढली अन् मलेच पाडलं." मग आवाज उतरला. "गुरुवारी ते बाई वाट पाहीन. मी नाही गेली तर ते दार पुन्हा कोणाले उघडत नाही, सांगून ठेवते."

त्याच दिवशी, बुधवारी, आम्ही सिविक सेंटरमधल्या संस्थेच्या मुख्य ऑफिसात. आदेश काढणारे साहेब मधाळ. "देखिए, हमें तो इनकी चिंता है."

काकूंनी विचारलं, "साहब, ऑडिट के टाइम आपको नींद आती है?"

साहेब हसले. "ऑडिट में किसको आती है!"

"तो आप भी सर्टिफिकेट लाइए. तब तक घर बैठिए."

हसू जागीच विझलं. साहेब फाइल चाळत म्हणाले, अहवाल लेखी आहे, तर खुलासाही लेखी द्या. तिथंच कोपऱ्यातल्या टेबलावर काकू सांगत गेल्या, मी लिहीत गेले: 'झोप कधी कधी लागत नाही. काम नीट चालू आहे. अकरा घरं जास्त होतात, आठ द्यावीत.' मी 'शोषण' हा शब्द घालायला गेले.

"त्याले तुह्या घरी ने," काकू म्हणाल्या.

भेटी सुरू झाल्या. घरं अकराच राहिली, मागणी 'विचाराधीन'. तिचा विचार कोण करतं आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या सोमवारी पुन्हा तीच खोली. काकू म्हणाल्या, गुरुवारी बाईनं पहिल्यांदाच चहा केला. काकूंच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं.

"काकू, झोप लागते का?"

त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या पेनकडे पाहिलं.

"मस्त लागते."

मी पेनला टोपण लावलं, पेन बॅगेत टाकलं. काकू पदराने चष्मा पुसत बसल्या. तास संपल्यावर मी पेन पुन्हा बाहेर काढलं. फॉर्मवर लिहिलं, 'झोप: उत्तम.' त्या महिन्यात माझा अहवाल संस्थेला फार आवडला.